सात हजार एकशे साठ

६ नोव्हेंबर, मंगळवार

सात हजार एकशे साठ — आज तिसऱ्यांदा!

दादाच्या शहराचं अंतर बारा हजार चारशे किलोमीटर आहे. तो तिकडे गेल्याला चौदा वर्षं झाली, तेव्हापासून हा आकडा आमच्या घरात पाढ्यासारखा पाठ. झोपेतून उठवून विचारा, सांगू. आणि ज्यांनी तो मला पाठ करायला लावला तेच बाबा आज ग्लोबवर दोरा ताणून पुटपुटत होते, "सात हजार एकशे साठ... नऊ तास दहा."

मी म्हटलं, "बाबा, बारा हजार चारशे. मधला थांबा धरून साडेअठरा तास."

"हं," म्हणाले. आणि दोरा सोडून पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतला. माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

बत्तीस वर्षं विमानतळावर बसून या माणसाने उड्डाणांचे तक्ते केले. कुठून कुठे, अंतर किती, वारा कुठून, इंधन किती लागेल, चाकं किती वाजता टेकणार. एकदाही चूक निघाली नाही, असं त्यांच्या निरोपाच्या दिवशी मोठ्या साहेबांनी सांगितलं होतं. घरातही तेच. बाजारात जायला अकरा मिनिटं, यायला चौदा — चढ आहे म्हणून. आईला दवाखान्यात नेतानासुद्धा यांनी वाटेतले सिग्नल मोजले होते. असा माणूस पाच हजार किलोमीटर सहज खाऊन टाकतो आणि वर नुसतं "हं"!

दूध उतू गेलं ते वेगळंच. शेगडी मी घासली.

७ नोव्हेंबर, बुधवार

तीस तारखेपर्यंत कळवायचं आहे. आज सात. बाबांना अजून सांगितलेलं नाही. सांगून तरी काय होणार आहे?

९ नोव्हेंबर, शुक्रवार

इथे तरी नीट लिहून काढते. मनात तीच तीच गोष्ट फिरवून डोकं उठलंय.

मला नोकरी मिळाली आहे. परदेशात, दोन वर्षांसाठी. लहान मुलांचे कृत्रिम हात बनवणारं वर्कशॉप — इथल्यासारखं इस्पितळाच्या तळघरात नाही, मोठ्या खिडक्यांचं. मी एकोणीस वर्षं पाय करतेय. प्लास्टरचा साचा, त्यावर राळ, मग घासणं, मग पट्टे, मग माणूस उभा राहून "इथे टोचतंय" म्हणतो की पुन्हा घासणं. मला पाय आवडतात, खोटं कशाला बोलू. पण गेल्या वर्षी एका सहा वर्षांच्या मुलीसाठी हात केला. तशी आमच्याकडे ती सोयच नाही, मी आणि उस्तादांनी (माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात, साठीचे आहेत, सगळे त्यांना उस्तादच म्हणतात) जेवणाच्या सुट्टीत बसून केला. तिने त्या हाताने पेन्सिल धरली. धरून मला दाखवली, आणि लगेच पाडली. तेव्हापासून मला हातच करायचे आहेत. त्या हाताचे फोटो जुलैमध्ये पाठवले आणि विसरून गेले. त्यांनीच बोलावलं.

मुलाखत फोनवर झाली, स्वयंपाकघरात. त्यांचे सकाळचे दहा, आमचे दुपारचे दोन. बाबा आतल्या खोलीत आडवे झाले होते, कानातलं यंत्र काढून. तरी मी दार लोटून घेतलं. शेवटी मुलाखत घेणाऱ्या बाईंना दोनदा विचारून खात्री करून घेतली — "तीस नोव्हेंबर, संध्याकाळी पाच, तुमच्या वेळेने, बरोबर?" मग कागदांचं पाकीट आलं. ते नेमकं बाबांनीच दारात घेतलं. माझ्या टेबलावर ठेवलं, एक शब्द विचारला नाही. बरंच झालं म्हणा.

ते शहर किती लांब, विमान कुठलं, किती तासांचं — यातलं मी काहीही बघितलेलं नाही. मुद्दामच. आमच्या घरात जायचं ठरायच्या आधी अंतर बघायची रीत आहे. आणि एकदा अंतर बघितलं की जीव गुंततो.

११ नोव्हेंबर, रविवार

दादाचा फोन. दर रविवारी असतो तसा. बाबांशी चार मिनिटं — औषध घेता ना, चालता ना, थंडी पडली का. मग फोन माझ्याकडे.

मी गॅलरीत जाऊन सांगितलं त्याला. नोकरी, दोन वर्षं, तीस तारीख.

"अरे वा," म्हणाला. "मस्तच गं. पण मग बाबांचं?"

"तेच विचारतेय. सहा महिने तू ये. नाहीतर त्यांना तिकडे ने. नाहीतर निदान निम्मं-निम्मं करू."

"सहा महिने?" हसला. "अगं, मुलांच्या शाळा आहेत, तुझ्या वहिनीची नोकरी आहे. तुला इथलं माहीत नाही. आणि काही झालंच तर मी आहेच की. चोवीस तासांत दारात."

चोवीस तासांत दारात! हे वाक्य मी चौदा वर्षं ऐकतेय. आईच्या वेळी ऐकलं. दोन वर्षांपूर्वी बाबांना झटका आला, डावा पाय लुळा पडला तेव्हाही ऐकलं. मी पहाटे फोन केला आणि दादा एक्केचाळीस तासांनी उगवला — मधल्या विमानतळावर पुढचं विमान चुकलं. तोवर बाबा इस्पितळात उठून बसून चहात बिस्किट बुडवत होते. दादा दारातूनच म्हणाला, "एवढ्यासाठी बोलावलंस होय?" सगळे हसले. मीही हसले! दोन रात्री जागून काढल्या होत्या, आणि हसले. पाच दिवस राहिला, मला औषधांचा तक्ता कसा करावा ते शिकवलं आणि गेला. तक्ता. या घरात. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते माझ्या भावाकडून शिकावं.

बाबा आता चालतात. मीच करून दिलेला आधार घालतात पायाला, काठी घेतात, जिना उतरतात. पण एकटे?

"बघतो," म्हणाला शेवटी. "डिसेंबरात यायचा विचार आहेच माझा. तेव्हा बोलू."

डिसेंबर. मला तीस नोव्हेंबरला कळवायचंय.

१२ नोव्हेंबर, सोमवार

फ्रिज बंद पडला. दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, एवढा साधा प्रश्न बाबांना विचारला. त्यांनी कागद घेतला. जुना किती वर्षं चालेल, वीज किती खातो, नवा दारातून आत येईल का — दाराचं मापसुद्धा घेतलं! कागद माझ्यापुढे ठेवला आणि निघाले.

"अहो, पण घ्यायचा की नाही?"

"ते तू बघ."

"बाबा, हो किंवा नाही, एवढंच सांगा."

तर म्हणे, "आमच्या कामात कॅप्टनला 'जा' म्हणायचं नसतं आणि 'जाऊ नको' असंही म्हणायचं नसतं. तक्ता बरोबर करायचा, पुढे ठेवायचा. सही त्याची. विमानात तो बसणार असतो, आपण नाही."

आई कशी नांदली असेल या माणसाबरोबर चाळीस वर्षं? साडी कुठली नेसू विचारल्यावरही कागदच मिळत असेल तिला.

१४ नोव्हेंबर, बुधवार

आज खरंच घाबरले.

बाबा दोन घड्याळं घालतात. डाव्या मनगटावर इथली वेळ, उजव्या मनगटावर दादाची — दहा तास मागे. दादा गेला त्या दिवशी लावलं ते उजवं घड्याळ. गल्लीतली लहान मुलं त्यांना दोन-घड्याळवाले आजोबाच म्हणतात. आज त्यांच्या पायाचा आधार सैल करताना माझं लक्ष गेलं. डाव्यात सहा वाजलेले, उजव्यात दोन. सकाळचे आठ हवे होते.

"बाबा, हे चुकलंय."

"नाही, चालू आहे," म्हणाले.

"चालू आहे हो, पण वेळ चुकीची आहे." मी काढून नीट लावून दिलं. दहा तास मागे. त्यांनी मुकाट्याने लावू दिलं. हात पुढे धरून बसले होते, नखं कापून घेणाऱ्या लहान मुलासारखे.

आधी आकडा, आता घड्याळ.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

घड्याळ पुन्हा चार तासच मागे आहे.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

उस्तादांना सांगितलं सगळं. ते एका गुडघ्याला घासकागद मारत होते. मान वर न करता म्हणाले, "माझ्या सासऱ्यांचं असंच सुरू झालं. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग माणसं." मग माझं तोंड बघून म्हणाले, "प्रत्येकाचं तसंच होतं असं नाही म्हणा."

म्हणायचं ते म्हणून झालं होतं.

मास्तर आले होते, आमचे सर्वांत जुने पेशंट, तिसरा पाय त्यांचा. हाही टोचतोय. मी म्हटलं, मास्तर, टोचत नाही असा पाय अजून निघायचाय.

१८ नोव्हेंबर, रविवार

या घरात वेड एकट्याला लागत नाही बहुतेक.

भाजी घेऊन वर आले तर खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई आमच्या दारात, चौकटीला धरून धापा टाकतायत. पस्तीस वर्षं इस्पितळात काढलेली बाई, आता निवृत्त, गुडघे दुखतात. आणि बाबा समोर उभे, घड्याळात बघत.

"तीन मिनिटं पाच सेकंद," बाबा म्हणाले.

"परवा तीन-वीस होती," नर्सबाई म्हणाल्या. चांगल्या खुशीत!

"काय चाललंय काय?" मी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "व्यायाम," बाबा म्हणाले.

म्हणजे माझ्या पाठीमागे हे दोघं जिन्यावर शर्यती लावतात. एक एकोणऐंशीचे, एक सत्तरीच्या. पडल्या असत्या म्हणजे? माझ्याच गळ्यात आलं असतं ते. मी दोघांनाही झापलं. नर्सबाई खाली गेल्या, जाताना मात्र माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. का? मला काही कळलं नाही.

मग दादाचा फोन आला. त्याला सांगितलं — आकडा, घड्याळ, जिना. तो गंभीर झाला. एवढा गंभीर की मला बरंच वाटलं क्षणभर. वाटलं, आता म्हणेल, मी येतो.

"हे लक्षण ठीक नाही," म्हणाला. "एक काम कर. त्यांना आता अजिबात एकटं सोडू नकोस."

मी फोन ठेवून दिला. काय बोलणार?

२० नोव्हेंबर, मंगळवार

स्मृतीचा डॉक्टर शोधला. तीस तारखेची सकाळी अकराची वेळ मिळाली. त्याआधी नाहीच म्हणाली फोनवरची मुलगी. तीस तारीखच मिळायची होती!

२१ नोव्हेंबर, बुधवार

किल्ली हरवली.

दाराशेजारच्या खिळ्याला जादाची किल्ली असते, आईच्या वेळेपासून तिथेच. आज खिळा रिकामा. मी सगळं घर पालथं घातलं. शेवटी विचारलं.

"असेल कुठेतरी," बाबा म्हणाले.

"कुठेतरी म्हणजे कुठे?"

"हरवलेली नाही."

"मग दाखवा!"

नाही दाखवता आली. दाखवणार कुठून! ग्लोबकडे तोंड करून बसून राहिले. आणि माझा तोल सुटला. काय काय बोलले ते लिहवत नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, "तुम्हाला कळतंय का, तुमच्यामुळे मला काहीच करता येत नाही." म्हटलं खरं. चौदा वर्षं तोंडात धरून ठेवलेलं वाक्य, आणि बाहेर पडलं ते एका किल्लीवरून.

बाबांनी कानातलं यंत्र काढलं, रुमालाने पुसलं, परत घातलं. म्हणाले, "कळतंय."

२२ नोव्हेंबर, गुरुवार

माफी मागायला गेले. ते म्हणाले, "चहा कर. साखर अर्धा चमचा." झालं. आमच्याकडे माफी एवढीच.

२५ नोव्हेंबर, रविवार

सकाळी बाबा विचारतात, "तिकडे जानेवारीत थंडी किती असते?"

"दादाकडे? उणे पंधरा."

"समुद्राकाठी इतकी नसेल."

दादाच्या शहरापासून समुद्र हजार किलोमीटर लांब आहे. हे बाबांनीच मला ग्लोबवर बोट ठेवून दाखवलेलं. मी "हो" म्हटलं. आता दुरुस्त करत नाही मी. दुरुस्त केलं की दोरा घेऊन बसतात, आणि ते बघवत नाही.

दादाचा फोन. डिसेंबरचं रद्द. कामाचं काहीतरी, आणि तिकिटं. "उन्हाळ्यात नक्की." मी म्हटलं, ठीक आहे. तो म्हणाला, "तुझा आवाज असा का येतोय?" मी म्हटलं, लांबून येतोय ना, बारा हजार चारशे किलोमीटरवरून.

त्याला विनोद वाटला.

मला खरं तर किंचाळायचं होतं. म्हणायचं होतं की दादा, तुझं अंतर मोजता तरी येतं. मी इथून पंधरा पावलांवर असते बाबांच्या, दिवसरात्र, आणि कुणी मोजतही नाही. दादा चांगला आहे, वाईट नाही तो. तेच तर वाईट आहे. वाईट असता तर भांडून मोकळी झाले असते.

२७ नोव्हेंबर, मंगळवार

नकार लिहून ठेवला. चार ओळी. घरगुती अडचण, आभार, दुःख, पुन्हा आभार.

पाठवलेला नाही.

उस्ताद म्हणाले, "पाठवू नकोस. बघू काहीतरी." मी विचारलं, काय बघू? तर पुन्हा घासकागद उचलला. सगळ्यांना बघायचंच असतं. करायचं कुणाला नसतं.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

पाठवला.

सकाळी बाबा गॅस लावून विसरले. पातेलं काळं ठिक्कर. या वेळी "हं" नाही की काही नाही, सरळ म्हणाले, "हे मात्र विसरलो." घाबरलेले दिसले. मी खिडक्या उघडल्या, वर्कशॉपला फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं, आणि तिथेच ओट्यापाशी उभी राहून नकार पाठवून दिला. फार विचार केला असता तर पाठवला नसता.

काही वाटलं नाही. मग बसमध्ये ती मुलगी आठवली, पेन्सिल धरून दाखवणारी, आणि एका अनोळखी बाईशेजारी बसून रडले. बाईंनी खिडकीची जागा दिली मला.

बाबांना यातलं काही माहीत नाही. माहीत व्हायचं कारणही नाही आता.

३० नोव्हेंबर, शुक्रवार, दुपार

डॉक्टरांकडून आलो. काय लिहू!

तरुण डॉक्टर, नम्र. तारीख, वार, शंभरातून सात-सात वजा करा. बाबा वजा करत राहिले, डॉक्टरांनी थांबवेपर्यंत. तीन शब्द लक्षात ठेवायचे होते, ठेवले. मग डॉक्टर म्हणाले, "आजोबा, घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा."

बाबांनी विचारलं, "कुठले?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळे मिटून घेतले. पण बाबांनी इथले अकरा-दहा काढले, अगदी सुबक, आणि शेजारी स्वतःहून दुसरं घड्याळ काढलं. तीसपैकी एकोणतीस. एक गुण कशाचा गेला ते डॉक्टरांनी सांगितलं नाही.

मला चैन पडेना. म्हटलं, डॉक्टर, यांना मुलाच्या शहराचं अंतर विचारा.

"बारा हजार चारशे," बाबा ताडकन म्हणाले. "थांबा धरून साडेअठरा तास. दारापासून दारापर्यंत सत्तावीस. तो चोवीस सांगतो."

म्हणजे येतं! सगळं येतं यांना! डॉक्टर म्हणाले, स्मृती उत्तम आहे. या वयात गॅस कोणीही विसरतं, शेगडी आपोआप बंद होणारी घ्या. दहा मिनिटांत बाहेर.

टॅक्सीत मी विचारलं. विचारलं कसलं, जवळजवळ ओरडलेच. "मग घरी सात हजार एकशे साठ का म्हणता? महिनाभर मी मरतेय इथे काळजीने."

"ते बरोबरच आहे," म्हणाले.

"कसं बरोबर?"

"ते कुठलं अंतर, हे तू कधी विचारलंस?"

नव्हतं विचारलं. चुकलं एवढंच सांगत होते मी, प्रत्येक वेळी. म्हटलं, "मग आता विचारते. कुठलं?"

तर म्हणे, "तक्ता पुरा व्हायचाय. वारा बघायचा राहिलाय." आणि खिडकीबाहेर बघत बसले. ताकास तूर लागू देतील तर शपथ. मला प्रचंड राग आलाय. एका महिन्यात या माणसाने मला वेड लावलं, आणि ज्या कारणासाठी मी काल नकार पाठवला ते कारण आज तीसपैकी एकोणतीस गुण घेऊन आतल्या खोलीत वामकुक्षी करतंय.

अडीच वाजता तिकडच्या बाईंचं उत्तर आलं. वाईट वाटलं म्हणतात. जागा आज पाच वाजेपर्यंत तुमच्याच नावावर ठेवली आहे, विचार बदलला तर फोन करा.

विचार बदलून काय करू? डोकं शाबूत असलं तरी पाय तोच आहे. घरात दुसरं कुणी नाही, ते नाहीच.

तोच दिवस, संध्याकाळी, सातला दहा कमी

चहा घेऊन आत गेले. बाबांनी तक्ता माझ्यापुढे सरकवला. त्यांच्या ऑफिसातला जुना छापील कागद, पिवळा पडलेला. कुठून: घर. कुठे: ते शहर — माझ्या पाकिटावरचं. ७१६० किलोमीटर. जाताना ९ तास १०. परतताना वारा पाठीशी, ८ तास २५. निरोप मिळाल्यापासून दारात: १५ तास. त्याखाली बारीक अक्षरात, मुलगा: २७. इथली पर्यायी सोय: नर्सबाई, रोज दोनदा, कबूल. हाक मारल्यास ३ मिनिटं ५ सेकंद. किल्ली त्यांच्याकडे.

सगळ्यात खाली छापलेलं, "कॅप्टनची सही". पुढे कोरं.

"मुलाखतीच्या दिवशी यंत्र कानात होतं?"

"अर्ध्या आवाजावर."

"बाबा, मी कालच नाही म्हणून कळवलं."

त्यांनी उजवं मनगट पुढे केलं. चार तास मागे. तीनला दहा कमी.

"पाचला बंद होतं ना त्यांचं? दोन तास दहा मिनिटं आहेत," म्हणाले. आणि टोपण काढून पेन कागदावर ठेवलं.